डॉक्टरसमोर मी "कोणालेच नाही" म्हटलं

प्रणू,

मी अकोल्याले, तुझ्या होणाऱ्या सासूबाईंकडे चालली. काल तुझी पोटदुखी ऐकून डॉक्टरनं मले विचारलं, "तुमच्या माहेरी कोणाला आतड्याचा कॅन्सर होता का?" त्या शेजारीच बसल्या होत्या, म्हणून मी "कोणालेच नाही" म्हटलं. तुझे आजोबा अन् मामा त्यानंच गेले, बाई. सोयरिकीपायी आम्ही सगळ्यांले कावीळ सांगत आलो.

संध्याकाळी कीर्तनात बुवांनी नामाचा गजर केला, तर माझ्या हातून टाळी वाजेना. आज डॉक्टरले फोनवर खरं सांगितलं. असा दोष आईकडून लेकरात उतरू शकतो, म्हणून आधी माझं रक्त तपासणार आहेत.

वरणाले फोडणी दे, उपाशी राहू नको. सासूबाईंले हे खरं सांगितल्यावर सोयरीक मोडली तर माझ्याशी अबोला धर, पण तपासणीले नाही म्हणू नको.

तुझी आई