आठ पंखे आणि माझं अपील

३ मार्च
आजपासून रोजनिशी. अपील जिंकल्यावर या काळात डोकं शांत कसं ठेवलं, ते माझं मलाच आठवायला हवं.

प्रकरण थोडक्यात असं. सरकारी दवाखान्याच्या स्टोअरचा मी प्रमुख. जनरल वॉर्डासाठी छताचे आठ नवे पंखे आले. स्टोअरचं छप्पर गळकं. म्हणून पाच पंखे सुरक्षित राहावेत यासाठी घरी नेले. खोक्यात ठेवले तर मोटार दमट होते, म्हणून छताला लावले. नुसते लटकत ठेवले तर बेअरिंग जाम होतं, म्हणून चालवले. वीजबिल मी भरलं. उरलेले तीन मेहुण्याच्या दुकानात. तिथे जागा कोरडी आहे.

याला खालच्या कोर्टाने अपहार म्हटलं. दोन वर्षं सजा. नोकरीवरून बडतर्फ. सध्या जामिनावर.

संकल्प: चिडायचं नाही.

५ मार्च
चिडलो. वकिलांच्या ऑफिसात पाहुण्यासाठी एकच खुर्ची, तिच्यावर फायली. उभ्याउभ्याच त्यांना सुरक्षिततेचा मुद्दा समजावला. म्हणाले, तो विसरा. आपल्याकडे एकच मुद्दा आहे, पण तो भक्कम आहे. जप्त केलेले पंखे सरकारीच होते, हे पोलिसांनी सिद्ध केलेलं नाही. नंबर जुळवले नाहीत, शिक्के खरवडलेले आहेत आणि तसले पंखे बाजारात ढिगाने मिळतात.

मी म्हटलं, पण होते ते सरकारीच. वकिलांनी उठून दार लावलं.

(शिक्के खरवडले नाहीत. पुसताना गेले. मी जरा जोरात पुसतो.)

९ मार्च
मेहुणा येऊन गेला. तब्येतीची चौकशी नाही, काही नाही. अपील जिंकलं तर दुकानातले तीन पंखे परत मिळतील का, एवढंच विचारत होता. गिऱ्हाईक उकाड्याने टिकत नाही म्हणे. अशा माणसाचा संताप येतो. तो गेल्यावर विचार केला. वकिलांचा मुद्दा चालला तर आठही परत मिळायलाच हवेत.

१४ मार्च
बायकोने शिवणकाम घेतलंय. शाळेचे गणवेश. मी म्हटलं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, मागचा पगारसुद्धा फरकासकट मिळेल. ती म्हणाली, तोवर सुईत दोरा ओवून द्या. बराच वेळ प्रयत्न केला. दोरा जाड होता.

२० मार्च
औषधाच्या दुकानात वॉर्डातल्या सिस्टर भेटल्या. यंदा वॉर्डात फार हाल आहेत म्हणाल्या. पेशंटचे नातेवाईक एक्स-रेच्या पाकिटाने वारा घालत बसतात. भाजलेली एक बाई रात्रभर कण्हते. मी म्हटलं, या प्रशासनाला कशाचीच काळजी नाही. सिस्टर माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. पटलं असावं.

२ एप्रिल
तारीख. सकाळपासून कोर्टाच्या बाकावर. बाकाला पाठ नाही. चार वाजता पुढची तारीख.

१६ एप्रिल
पुन्हा तेच. सरकारी वकील आजारी. मला तर ठणठणीत दिसले, कॅन्टीनमध्ये.

वकिलांनी आज जिन्यात थांबवून बजावलं. सुनावणीच्या दिवशी मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. मी शब्द दिला. घरी सराव म्हणून दुपारभर गप्प बसलो. बायको म्हणाली, बरं वाटतंय.

२९ एप्रिल
सुनावणी झाली. डोकं अजून भणभणतंय.

वकील बोलले मात्र फर्डं. न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारलं, हे पंखे दवाखान्याचे, हे दाखवणारा कागद कुठे आहे? सरकारी वकील फाईल चाळत बसले. कपाळावर घाम. बायकोने शेजारून माझा हात घट्ट धरला. असं तिने कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

तेवढ्यात आमचे वकील म्हणाले, साहेब, हे कुठल्याही घरात असतात तसले साधे, हलक्या दर्जाचे पंखे आहेत.

हलक्या दर्जाचे! मी चार कंपन्यांतून पारखून घेतलेले पंखे! उठलोच. बायको हात सोडत नव्हती. म्हणालो, साहेब, क्षमा असावी, पण हे सरकारी खरेदीचे उत्तम पंखे आहेत. मी स्वतः निवडलेत. घरी नेल्यावर दर महिन्याला पाती पुसलीत.

न्यायाधीशांनी वकिलांना विचारलं, तुम्हाला तुमचा मुद्दा अजून मांडायचा आहे का? वकिलांनी फाईल मिटली. न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं. माझ्या बोलण्याची दखल घेतली म्हणायची.

वकील चहालासुद्धा थांबले नाहीत. बसमध्ये बायकोने एकच विचारलं. ते जिंकत होते ना? मी म्हटलं, मुद्द्यावर जिंकत होते, तत्त्वावर नाही.

३० एप्रिल
निर्दोष सुटल्यावर लगेच कामावर हजर व्हायचं नाही. आधी दवाखान्याने लेखी माफी मागायला हवी.

६ मे
अपील फेटाळलं. सजा कायम. दोन आठवड्यांत हजर व्हायचं.

वकिलांना फोन केला, आता वरच्या कोर्टात जाऊ. म्हणाले, जरूर जा, फक्त वकील दुसरा बघा. लोकांना यश आलं नाही की अशी चिडचिड होते.

११ मे
बायकोने पुढची खोली शिवणकामासाठी रिकामी केली. माझी खुर्ची मागच्या दारात. विचारलं, मी दोन वर्षांनी येणार तेव्हा कुठे बसायचं? म्हणाली, तेव्हाचं तेव्हा बघू. काज-बटणाला एक बाईसुद्धा ठेवलीय. माझा सल्ला विचारला नाही.

२० मे
हजर होण्याचा दिवस. बायको तुरुंगाच्या फाटकापर्यंत आली. पिशवीत दोन पायजमे, टॉवेल, साबण. मी तिला धीर देणार होतो. तीच आधी म्हणाली, आत तरी कमी बोला. मग पदराने माझी कॉलर पुसली आणि मागे वळून न बघता गेली.

२३ मे
आत वही मिळाली. तुरुंगाच्या कारकुनाने विचारलं, काम काय येतं? सांगितलं, स्टोअरचा वीस वर्षांचा अनुभव. तुमचं स्टोअर येताना दारातून पाहिलं, मांडणी अगदीच गचाळ आहे. माझ्या ताब्यात द्या, आठवड्यात ओळखू येणार नाही.

त्याने माझे कागद वाचले. मग जेलरसाहेबांना नेऊन दाखवले. दोघांपैकी कुणी हसलं नाही.

बागेत पाणी घालायचं काम दिलंय. बादली संध्याकाळी परत करायची. मी करेपर्यंत शिपाई शेजारी उभा असतो.