कोहपरे स्टुडिओतील निगेटिव्हच्या कपाटाची व्यवस्था

मी, रुखमाबाई भैयाजी कोहपरे, वय एकाहत्तर, शिक्षण बी.ए., धंदा फोटोग्राफी, राहणार गोंडपिपरी, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. तो दोन डॉक्टरांकडून घेतला, कारण पहिल्यांच्या मुलीच्या लग्नाचे शूटिंग आमच्या पुतण्याने, विक्कीने केले होते. आजवर मी दुसरे मृत्युपत्र लिहिलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे आणि दाखवणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे.

कलम १. बँकेतील ठेव आरमोरीची धाकटी बहीण इंदू हिला द्यावी. आईचा पाणी भरायचा तांब्याचा गुंड तिच्याकडेच आहे, हे मला ठाऊक आहे. "कुठी गेला, काय मालूम," असे ती दर दिवाळीला म्हणते. ठेव घेताना तिने तो गुंड या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांना (कलम ८) नुसता दाखवावा. परत मागायचा नाही.

कलम २. काळ्या कापडाचा मोठा कॅमेरा, डार्करूमचे ट्रे आणि लाल दिवा विकू नयेत. हॉटेलवाले शोभेसाठी मागतात. त्यांना नाही म्हणावे, कारण सांगत बसू नये.

कलम ३. जुना डिजिटल कॅमेरा कोणी भंगारात देऊ नये. तो कसा आला ते लिहून ठेवते.

ज्या कंपनीची फिल्म आम्ही वापरत होतो, तिचा माणूस नागपूरहून कॅलेंडर घेऊन यायचा. एकदा तो म्हणाला, "मॅडम, फिल्मला मरण नाही. भरपूर माल घेऊन ठेवा." चहासाठी तो खाली वाकला तेव्हा त्याच्या बॅगेतून एका कॅमेऱ्याचा पट्टा लोंबत होता. मी बॅग उघडायला लावली. आत डिजिटल कॅमेरा निघाला. मी फिल्मची ऑर्डर तिथेच रद्द केली आणि तसलाच कॅमेरा मागवला. माझे यजमान भैयाजी चिडले. "कंपनीवालाच फिल्म घ्या म्हणून राह्यला, अन् तुले काऊन शंका?" मी म्हटले, "तो म्हणून राहिला, म्हणूनच." पुढे कंपनीने फिल्म बंद केली. कपाटे भरून फिल्म घेणारे स्टुडिओ बसले, आमचा चालू राहिला. भैयाजींनी माझे बरोबर होते असे शेवटपर्यंत म्हटले नाही. त्यांना माफ आहे.

कलम ४. निगेटिव्हचे कपाट. या मृत्युपत्राचे खरे कारण हेच.

यात गोंडपिपरीपासून जिवतीच्या डोंगरापर्यंतची माणसे आहेत. लग्नाची, शाळेची, रेशनकार्डाची, वनहक्क दाव्याची. कित्येकांचा जन्मात काढलेला एवढाच फोटो. निगेटिव्ह ज्याचे त्याच्या घरचे; आम्ही फक्त सांभाळणार, हा नियम मी आणि भैयाजींनी पहिल्या दिवशी केला.

गेल्या उन्हाळ्यात त्याच कंपनीचा नवा माणूस आला. कंपनी आता फिल्म बनवत नाही, कॉम्प्युटरला चेहरे ओळखायला शिकवते म्हणे, आणि त्यासाठी तिला जुने चेहरे हवेत. इतकी वर्षे मला माल विकणारे आता माझ्याकडे विकत घ्यायला आले, म्हणून मी दार अर्धेच उघडले. चेहरे शिकून झाल्यावर कॉम्प्युटर त्यांचे काय करणार, असे विचारले. त्याने छापील पत्रक पुढे केले. पत्रकात उत्तर नव्हते.

माझा पुतण्या विक्की, दिराचा मुलगा, स्टुडिओ सध्या तोच चालवतो. तो म्हणाला, "मोठीआई, मोबाईलनं आपला धंदा खाल्ला. हे निगेटिव्ह पडून राह्यले नुसते. देऊन टाकू ना!" त्या दिवशी मी कपाटाची किल्ली कमरेला लावली.

कलम ५. यात कोणाची बदनामी नाही, घडले ते लिहिते. जिवतीकडच्या मंगलीबाई आत्राम दिवाळीनंतर आल्या. त्यांचे यजमान दसरू वारले. घरात लावायला फोटो हवा होता. दाव्याच्या वेळचे निगेटिव्ह मी काढून दिले. विक्कीने मोबाईलवर घेऊन मोठा, रंगीत, चकचकीत फोटो केला. मंगलीबाईंनी तो उजेडात धरला, उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"बाई, हा कोन व्हय?"

"दसरूभाऊच ना," विक्की म्हणाला.

"नाई रे बाबू. माह्या मानसाले अस्वलानं वरबडलं होतं, इथी, कपाळापासून गालावर. याचं तोंड तं नव्या नवरदेवावानी हाय. हा घरात लावला तं पोरं विचारतीन, माय, हे दुसरं लगन कधी केलं?"

त्या हसल्या. मग फोटो टेबलावर ठेवून तशाच उठून गेल्या.

विक्की म्हणाला, "मोठीआई, मी काईच नाई केलो. मोबाईलच आपोआप साफ करून देते." मला याचीच भीती वाटली. त्याने केले असते तर त्याला रागावता आले असते. माणसाच्या तोंडावरचा ओरखडा कोणीतरी पुसला आणि छापणाऱ्याला पत्ताही नाही. त्याच रात्री मी या कागदावर कलम ६ लिहिले: कपाटातील सर्व निगेटिव्ह माझ्यासोबत जाळावीत, घर व दुकान विकावे.

कलम ६. जाळण्याचा वरील मजकूर खोडला आहे. खोडल्याजागी माझी सही आहे. कारण असे.

दोन दिवसांनी विक्की मोटारसायकल घेऊन सकाळीच गेला. कुठे, ते सांगितले नाही. बाहेर काढलेले दसरूचे निगेटिव्हही टेबलावर नव्हते. तो कंपनीच्या माणसाला भेटायला गेला, याबद्दल मला शंका उरली नाही. व्यवस्थापकांना फोन करून मी तसे सांगितलेही. संध्याकाळी मंगलीबाईंच्या शेजारच्या पोरीच्या फोनवरून त्यांचा आवाज आला. "बाई, तुमचा पोरगा आल्ता. ओरखडा घेऊन आला. आता तो दसरूच हाय."

विक्की आल्यावर विचारले. त्याने निगेटिव्हला मागच्या बाजूने उजेड देऊन ते कलम ३ मधल्या जुन्या कॅमेऱ्याने टिपले होते. त्या कॅमेऱ्याला साफसफाई येत नाही. "सांगून का नाही गेलास?" तर म्हणे, "तुम्ही इश्वास ठेवला असता काय?" नसता ठेवला.

म्हणून घर, दुकान आणि कपाट विक्कीला देते. तरीही कपाटाला दोन कुलुपे बसवली आहेत. एक किल्ली विक्कीकडे राहील, दुसरी मंगलीबाई आत्राम यांच्याकडे. कपाट उघडायचे तर त्याने जिवतीला जावे किंवा त्यांना गाडीवर बसवून आणावे, चहा पाजून परत सोडावे. कंपनीच्या माणसाला दोघांनी मिळून नाही म्हणावे. एकट्याचा हो धरू नये.

कलम ७. माझ्या मरणानंतर माझ्या फोटोला कॉम्प्युटरकडून हसवू नये, बोलते करू नये, पापणी लववायला लावू नये. जन्मभर मी लोकांना "हलू नका" म्हणत आले. तो नियम मलाही लागू.

कलम ८. व्यवस्थापक म्हणून निवृत्त मुख्याध्यापक गोपाल झाडे यांना नेमते. ते माझ्यापेक्षाही कमी विश्वास ठेवतात. साक्षीदारांना यातून काहीही मिळणार नाही, म्हणूनच ते साक्षीदार आहेत.

या कागदावर चिकटवलेला फोटो विक्कीने आज सकाळी जुन्या कॅमेऱ्याने काढला. मी भिंग घेऊन तपासला. हनुवटीवरचा तीळ जागेवर आहे, डोळ्यांखालच्या सुरकुत्या सगळ्या आहेत. मी सही अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर करत आहे, म्हणजे कोणाला चेहरा बदलायचा झाला तर सही फाडावी लागेल.

सही: रुखमाबाई भैयाजी कोहपरे

आमच्यादेखत वाचून, समजून सही केली. त्यांनी आम्हालाही भिंग देऊन तीळ पाहायला लावला. आहे.

साक्षीदार: १. धनराज निमगडे, शिंपी, गोंडपिपरी
२. चंचल मोहुर्ले, अंगणवाडी सेविका, गोंडपिपरी

ठिकाण: गोंडपिपरी
दिनांक: १२ जानेवारी २०२६