विहिरीचे रान कोंडाबाईस

मी, सत्यभामा दगडोबा वारे, वय ७३, इतिहासाची निवृत्त प्राध्यापिका, अविवाहित, राहणार भूम, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझा धाकटा भाऊ बलभीम तो मानणार नाही. त्याच्याकडे असा दाखला अद्याप कुणी मागितलेला नाही.

१. भूमचे घर बलभीमची मुलगी निकिता हिला द्यावे. बापाच्या घरात राहूनही तिला प्रश्न विचारता येतात. अट एकच, घराच्या भिंतीवर कोणत्याही पुढाऱ्याचा फलक लागता कामा नये.

२. माझा प्रबंध बलभीमला द्यावा. विषय : हंगेरीची १९३५ ची संसदीय निवडणूक. त्या देशात राज्य होते पण राजा नव्हता. राजाच्या जागी एक नौसेनापती बसला होता, आणि देशाला समुद्र नव्हता. शहरात मतदान गुप्त, खेड्यात मात्र उघड. गरिबाने टेबलापुढे उभे राहून उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगायचे, आणि जमीनदाराची माणसे ऐकायला हजर. बलभीम मला हसायचा, "आक्का, हंगेरी कुठं अन् आपलं गाव कुठं." अंतर किती ते त्यानेच पुढे दाखवून दिले. गेल्या लोकसभेला त्याने मेंढपाळांना व वाटेकऱ्यांना बिरोबाच्या देवळात बोलावून आपल्या उमेदवारासाठी एकेकाला भंडारा उचलून शपथ घ्यायला लावले. हंगेरीच्या जमीनदारांनी निदान देवाला कामाला लावले नव्हते.

३. गावातील माझ्या हिश्श्याचे रान, विहिरीसह, कोंडाबाई भ्रतार बिराप्पा यांना द्यावे. त्यांच्या नावे थोडी कोरडवाहू जमीन आहे, तेव्हा शेतकरी असल्याबद्दल शंका काढू नये. कारण नोंदवते. त्या देवळात सगळ्यांचे हात भंडाऱ्याकडे गेले, यांचा गेला नाही. त्या म्हणाल्या, "मालक, मत गुपित असतंय म्हणत्यात. मग ते देवाला तरी कशाला सांगायचं?"

बलभीमने तेव्हा ऐकून घेतले. मतमोजणीत गावच्या केंद्रावर त्याचा उमेदवार मागे पडला, आणि भंडारा उचलून कोण फिरले हे कळायला काही मार्ग नव्हता. मग राग काढायला न उचललेला एक हात तेवढा उरला. यंदाच्या उन्हाळ्यात त्याने माझ्या विहिरीला, मला न विचारता, काटेरी कुंपण घालून कुलूप लावले. त्याच विहिरीवर पाणी पिणारी कोंडाबाईंची मेंढरे तहानलेली उभी राहिली, तीन मेली. निकिताचा फोन आला तशी मी एसटीने गेले आणि गावच्या लोहाराकडून कुलूप तोडून घेतले. तेव्हापासून बलभीम माझ्या दारात आलेला नाही. त्याच्याकडून मला मिळालेले सुख ते एवढेच.

४. मला मुलगा नसल्याने अग्नी आपण द्यावा असे बलभीमला वाटेल. देऊ द्यावा. स्मशानात भाषण मात्र करू देऊ नये. त्याने सुरुवात केलीच तर लोकांनी खुशाल घरी जावे. त्याची भाषणे संपतात असा माझा अनुभव नाही.

५. वरील सर्व गोष्टी निकिताने अमलात आणाव्यात.

साक्षीदारांविषयी. पहिले डॉ. मल्लिनाथ, माझे शेजारी. दुसरे आमचे माजी प्राचार्य ठरले होते. बलभीमचे नाव वाचताच त्यांना अंगात कणकण जाणवू लागली व ते चहा टाकून गेले. त्या वेळी गोरोबा ज्वारीचे पोते घेऊन आले होते. ते बलभीमचे रान वाट्याने करतात. देवळात त्यांनीही भंडारा उचलला होता. सगळे वाचून घेतल्यावर त्यांनी विचारले, "ही सही बलभीम मालकांना दिसंल का?"

मी सांगितले, दिसेल. साक्षीदाराची सही गुप्त नसते, आणि नको असेल तर मी रागावणार नाही.

त्यांनी हात धोतराला पुसले. मग पेन मागून घेतले.

"दिसू द्या," म्हणाले.

स्थळ : भूम
दिनांक : ९ जून २०२५

लिहून देणार : सत्यभामा दगडोबा वारे (सही)

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत बाईंनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली :
१. डॉ. मल्लिनाथ (सही)
२. गोरोबा (सही)