माठावरचा स्पीकर

दादा,

तुह्या नव्या स्टिरिओ पेट्या लय साजऱ्या वाजतात. मग रिकाम्या माठाच्या तोंडावर बसवलेला आपला जुना स्पीकर त्यायच्यासोबत लागते का, हे पाहाले मी सकाळी त्याची तार काढली. मले तर काही फरक समजला नाही.

बाबा रोजच्यासारखे माठाले हात लावून बसले होते. आपल्याले वाटे, मातीच्या गारव्यासाठी बसतात. पेट्या जोरात वाजत होत्या अन् बाबा म्हणाले, "गाणं काऊन बंद केलं बे?" तार पुन्हा जोडली, तशी त्यायची मान डोलाले लागली.

लांब तार आणाले नांदुऱ्याले चाललो. माठ त्यायच्या खाटेजवळ ठेवू. अन् त्यायच्याशी एकाएकी मोठ्यानं बोलू नको. आपल्याले समजलं, हे त्यायले समजून जाईल.

उत्तम