घंट्या वाजतायत तोवर

३ जानेवारी

पोहोचले एकदाची! औषधांच्या खोक्याने खांदा सोलून काढला आणि बुटांत बर्फ गेलं, पण मेंढवाड्याच्या दारात उभी राहिले आणि सगळा शीण उतरला. वर उभा कडा, खाली दरी, मध्ये दगडी भिंतीचा वाडा आणि त्याला लागून आमची खोली. पशुवैद्य झाल्यावरची ही माझी पहिली नेमणूक. मेंढ्यांची विणी संपेपर्यंत इथेच मुक्काम.

गाव इथून दिसत नाही, डोंगराची सोंड आडवी येते. पण घळीच्या तोंडाशी वाजलेला आवाज थेट गावात उतरतो म्हणे. हे मला त्सोनाने सांगितलं. मेंढपाळ मानोलकाकांची ही बहीण गावातल्या झऱ्यावर भेटली. तिने मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, प्लोवदिवला सगळे डॉक्टर एवढे काटकुळे असतात, की आमच्या वाट्याला उरलंसुरलं आलंय? मग जवळ येऊन म्हणाली, की रोज संध्याकाळी ती इथे उभी राहून घंट्या ऐकते. कळप घळीपाशी आला की थोरल्या घंटीचा आवाज येतो, म्हणजे वर सगळं ठीक. एखाद्या संध्याकाळी आला नाही, तर गावातले पुरुष फावडी आणि बंदुका घेऊन वर येतात. तिच्या आजीपासून हे असंच चालत आलंय. तुमच्या शहरात टेलिफोन असतील, म्हणाली, इथे माझे कान आहेत.

काकांची बायको स्तामेना गावातल्या घरी, दम्याने अंथरुणाला खिळलेली. तरी तिने उशाजवळची बानित्सा, चीज भरलेली पोळी, फडक्यात बांधून माझ्या हातात कोंबली. वाटेत खाऊ नकोस, अर्धी त्या म्हाताऱ्याला दे, तो मागणार नाही, पण त्याला हवी असते.

अर्धी दिली. काकांनी मागितली नव्हतीच. खाऊन मिशा पुसल्या आणि म्हणाले, मीठ कमी पडलंय, म्हणजे तब्येत बरी दिसत नाही तिची.

५ जानेवारी

आज काकांनी घंट्यांची ओळख करून दिली. एकेक घंटी कानापाशी हलवून, निवडून घेतलेली. सगळ्या एकत्र वाजल्या की एकच सूर लागला पाहिजे. एक बारकी किंचित चढी बोलते. ती त्यांनी मुद्दाम एका भांडखोर मेंढीच्या गळ्यात बांधलीय, दोघींचं छान जमतं म्हणे. थोरली घंटी म्होरक्या बोकडाच्या गळ्यात, माझ्या डोक्याएवढी.

मुर्जो कुत्रा अजून माझ्यावर गुरगुरतो. त्याच्या गळपट्ट्याला लांडग्यांसाठी लोखंडी खिळे आहेत. काका म्हणतात, तुला तो कोकरू समजतोय, पण कुठल्या मेंढीचं ते त्याला कळेना झालंय.

९ जानेवारी

काल दुपारी त्सोना स्वतः वर चढून आली, डोक्याला काळा रुमाल. काही सांगावं लागलं नाही. काकांनी हातातलं कोकरू माझ्याकडे दिलं आणि तिच्या मागोमाग उतरले. स्तामेनाला माती देऊन आज परत आले. विणी थांबत नाही.

आल्या आल्या त्यांनी कळपाच्या सगळ्या घंट्या उतरवल्या. घरात सुतक असताना कळप वाजत नाही, चाळिसावा दिवस होईपर्यंत. लोलक दोऱ्याने जखडले, घंट्या स्तामेनाच्या काळ्या शालीत गुंडाळल्या आणि आढ्याला टांगल्या. मी दोरा धरला. मला या माणसाबद्दल फार वाईट वाटलं.

संध्याकाळी कळप आवाज न करता आत आला. कानात बोळे घातल्यासारखं झालं. मी सहज म्हटलं, की आज त्सोनाआत्या झऱ्यावर उभ्या राहिल्या असतील. काका म्हणाले, कशाला राहील? काय ऐकायचंय तिला?

१३ जानेवारी

तीन दिवस बर्फ. वाट बुजली.

एका मेंढीला चावे आहेत. असे चावे मी पाहिले नाहीत. शेपटीवर, मांडीवर, कानाच्या टोकाला, वरवरचे आणि अगदी अनाडी. दातांचे नाहीत, चोचीसारखी पाचर. मानेवर मात्र वेगळे वळ आहेत, मोठे, खोल दाबलेले, पण कातडी कुठेही फाटलेली नाही. म्हणजे मोठ्या कुणीतरी तिला शांतपणे धरून ठेवलं आणि लहान कुणीतरी चावलं. मला खरं तर मौज वाटतेय. प्लोवदिवच्या संस्थेत कळवण्यासारखं काहीतरी हाती लागतंय!

काकांनी जखमा पाहिल्या आणि माझं आयोडिन संपेस्तोवर मेंढी धरून ठेवली. मुर्जो सकाळपासून दिसला नाही.

१५ जानेवारी

भिंतीबाहेर ठसे. पुढचा पाय घुबडाचा, दोन बोटं पुढे, दोन मागे, माझ्या जेवणाच्या ताटाएवढा. मागचा पाय रानमांजराचा, गोल, नखं आत घेतलेला. एकाच प्राण्याचे. मी वाकून मापं घेत होते तर काकांनी बूट फिरवून ठसा पुसून टाकला आणि थुंकले. व्याही आलेत, म्हणाले.

जुनी माणसं त्याला व्याही म्हणत. खरं नाव घेतलं तर येतो. आणि व्याह्याला दारातून परत पाठवता येत नाही, जे मागेल ते द्यावं लागतं. काकांनी लहानपणी एकदा असाच ठसा पाहिला होता. त्या वर्षी पलीकडच्या वाड्यावर एक मेंढी उरली नाही, आणि मेंढपाळही.

कड्याच्या पायथ्याशी पावाएवढा एक घट्ट गोळा सापडला. घुबड न पचलेलं ओकून टाकतं तसा. कोमट पाण्यात भिजवून टेबलावर उकलला. लोकर, कोकराचे खूर, आणि मुर्जोच्या पट्ट्याचे खिळे. काकांनी खिळे धुतले, सदऱ्याला पुसले आणि खिशात ठेवले. नंतर पाठ फिरवून बराच वेळ सरपण रचत बसले.

१७ जानेवारी

दिसलं.

दुपारी धुकं उतरलं तेव्हा भिंतीवर बसलं होतं. घुबडाचा चपटा, गोल चेहरा, कानांवर केसांचे झुपके. धड मांजराचं, ठिपक्यांचं, वासराएवढं. पाठीवर दाट केस वाटले ते पंख होते, आखूड. त्यांनी ते उडत नाही, उडी वळवतं. भिंतीवरून खाली आलं तेव्हा बर्फावर आवाज झाला नाही. मान पूर्ण मागे फिरवून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागलं.

काम म्हणजे शिकवणं. शेजारी पिल्लू होतं, पिसांचा गोळा, मुर्जोएवढं. ते भिंतीवरून घसरून तोंडावर आपटलं आणि मला हसू आलं. खरंच हसले मी! मग आईने एक मेंढी धरून त्याच्यापुढे दाबली. पिल्लाने कान चावला. आईने मेंढी सोडली, पळू दिली, पुन्हा धरून आणली, पुन्हा पुढे ठेवली. मांजर पिल्लांसाठी जिवंत उंदीर आणतं ना, तसं. पिल्लू चुकलं की ती गळ्यातून हलकं कुरकुरायची.

काकांनी असतील तेवढी काडतुसं झाडली. ती बाजूला झाली आणि धूर निवळल्यावर परत आली. खाली कुणी बार ऐकले असतील तरी म्हणतील, मानोल लांडगे हुसकावतोय. दर हिवाळ्यात हुसकावतो.

१९ जानेवारी

मी उतरायचं ठरवलं. काका नको म्हणत होते, ऐकलं नाही. घळीपर्यंत पोहोचलेच होते –

कोटाच्या मानेला धरून उचललं. पाय जमिनीवरून सुटले. कढत श्वास, मानेवर ओली पिसं. आता दाबेल म्हणून डोळे मिटले. तिने मला दाराशी आणून ठेवलं. अलगद. अंगावर ओरखडासुद्धा नाही.

आम्ही पण वाड्यातलेच आहोत. आम्हाला राखून ठेवलंय.

२० जानेवारी

चावे सुधारतायत. आधी शेपटी, मग मांडी, काल खांदा. आज पहिल्यांदा गळा. मेंढी तडफडली आणि गेली. पिल्लाने शीळ घातली, आनंदाची. आई त्याचं डोकं चाटत होती.

मी काकांना म्हटलं, घंट्या वाजवा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला खुळ लागलंय. थोरली वाजली तर त्सोना म्हणेल वर सगळं ठीक आहे. वर चार शिव्या घालेल, की बायकोच्या चाळिसाव्यापर्यंतही थांबवलं नाही मेल्याला. आणि न वाजवली तर सुतकच आहे. तिला शंका का यावी?

वाजवलं तरी कुणी येणार नाही, न वाजवलं तरी नाही.

मग मला सुचलं. वाजवायची, आणि मध्येच थांबवायची. कळप आत यायच्या आधी तुटलेला आवाज त्सोना ओळखेल. उद्याच्या संध्याकाळी पुन्हा शांतता असली की कुऱ्हाड घेऊन निघेल.

काका चिडले. म्हणाले, तुझी काकू होती का ती? हे चाळीस दिवस तिचा जीव वाटेत आहे, अंधारात, तिला माझ्या गप्प राहण्याचाच काय तो आधार आहे. तो मी मोडू? मी रडले. म्हटलं, मला मरायचं नाही काका. ते उठून मेंढ्यांकडे गेले.

२२ जानेवारी

मेंढ्या संपत आल्या. आता एकाच झटक्यात.

आज पिल्लाने उरलेल्यांकडे पाहिलंही नाही. खिडकीशी बसलंय. मान तिरकी करून आमच्याकडे बघतंय. आई मागे.

दुपारी काकांनी मक्याच्या पिठाचं कचमक शिजवलं, तीन ताटल्यांत वाढलं. तिसऱ्या ताटलीशी हळू आवाजात म्हणाले, रागावू नकोस गं, पोरगी परक्याची आहे, तिला तिच्या घरी पाठवायचीय. शाल सोडली. थोरलीच्या लोलकाचा दोरा तोडला. घळीच्या तोंडापर्यंत जायचं, तिथूनच आवाज उतरतो. बर्फात दोन्ही हातांना काठ्या लागतात, म्हणून घंटी स्वतःच्या गळ्यात बांधली, जाड पट्ट्याने, घट्ट. तिथे थोडी वाजवीन, मग मुठीत धरीन आणि परत येईन, म्हणाले. मला हसवायला मान हलवून दाखवली. म्होरक्या शोभतो की नाही बघ.

मी हसले नाही. त्यांना मिठी मारली. मेंढीचा वास येत होता, आणि स्तामेनाच्या शालीचा.

संध्याकाळ. घळीपाशी वाजतेय. व्यवस्थित, दमदार. आता थांबवा काका. आता –

आता जोरात वाजतेय. वेडीवाकडी. कड्याच्या दिशेने, वर, वर.

२३ जानेवारी

थांबत नाही.

कड्यावरून येतोय आवाज. वाजते, थांबते, पुन्हा वाजते. पळू देतायत त्यांना. परत आणतायत. कड्यावरून तर गावात आणखी छान ऐकू जात असेल. त्सोना झऱ्यावर उभी असेल. म्हणत असेल, निर्लज्ज, पण ठीक आहे म्हातारा.

उशी कानावर दाबली. तरी ऐकू येतेय. काका, माफ करा. काका –

२४ जानेवारी

सकाळी थांबली.

मला बरं वाटलं. देवा, बरं वाटलं मला! त्यांचं सुटलं म्हणून, आणि – आणि आता गावातले येतील म्हणून. दोन्हीसाठी. आज संध्याकाळी त्सोनाला काही ऐकू येणार नाही. उद्या माणसं येतील. फक्त आजची संध्याकाळ शांत जाऊ दे.

दाराला टेबल लावलंय. वर औषधांचं खोकं.

ऊन कलतंय. शांत आहे. शांत –

घंटी.

घळीपाशी. क्षणभर वाटलं काकाच. खिडकीशी धावले.

पिल्लू आहे. पट्टा चोचीत. घंटी उडवतं, तिच्यामागे धावतं, पंज्याने ढकलतं. मांजराचं पिल्लू दोऱ्याच्या गुंड्याशी खेळतं तसं. थोरली घळीच्या तोंडाशी खणखणीत वाजतेय, अगदी वेळेवर. त्सोना ऐकतेय. त्सोनाआत्या, ते काका नाहीत. नाहीत ते –

कुणी येणार नाही.

जवळ येतंय. ओढत आणतंय. दाराशी.

उंबऱ्यावरच खेळतंय. आई दिसत नाही. कितीही वेळ इथे वाजली तरी गावात ऐकू जाणार नाही, इथून आवाज उतरत नाही. पण ते पुन्हा घळीपाशी नेईल. उद्याही. रोज. घंटी आत ओढून घेतली तर – लोलक बांधला तर – उद्या शांत. मग त्सोना येईल. मग फावडी, बंदुका.

टेबल सरकवलं. दोरा घेतलाय, काकांनी तोडलेला तोच. दार वीतभर उघडायचं, पट्टा ओढायचा. एवढंच. कडी काढली आहे.

वाजायची थांबली.

मी अजून हात लावलेला ना