तिसऱ्या कपाला नऊ

गुरुवार, ता. १२, दुपारी अडीच

प्रिय ताई,

नमस्कार. तब्येत ठीक, जेवण वेळेवर. आईला एवढंच वाचून दाखव आणि बाकीचं तुझ्याजवळ ठेव.

माझं सगळं बदललं ते गेल्या आठवड्यात, बुधवारी सकाळी साडेअकरा वाजता, तिसऱ्या कपातली कॉफी तोंडात फिरवली तेव्हा. पण तू नेहमी म्हणतेस की मी पत्रात फक्त स्वतःचं रडगाणं गातो, म्हणून आधी इथली खबरबात.

दुकानासमोरचा रस्ता तिसऱ्यांदा खणलाय. पहिल्यांदा पाण्यासाठी, दुसऱ्यांदा केबलसाठी, आणि आता आधीच्या दोघांनी काय मोडलं ते बघण्यासाठी. पेपरात फोटो आलाय. खड्ड्याभोवती सहा जण हाताची घडी घालून उभे, आणि खाली लिहिलंय, 'कामाला वेग'. कोपऱ्यावर नवं कॉफीचं दुकान उघडलंय, काचेचं. तिथे कागदी कपावर गिऱ्हाईकाचं नाव लिहून देतात. लोक कॉफी गार होईपर्यंत त्या नावाचे फोटो काढत बसतात. स्वतःचं नाव वाचायला रांग लावणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली. मॉलमध्ये कॉफी पावडर एकावर एक मोफत आहे. जे घरी चहाच पितात तेही दोन-दोन पाकिटं उचलतात, न घेतलं तर आपलं काही तरी चोरीला गेलं असं वाटतं त्यांना.

माझी ही प्रवचनं ऐकून आमचे मालक म्हणतात, "बिया करपतायत." दिवसभरात ते वीसेक शब्द वापरत असतील, त्यातले हे दोन रोजचे.

प्रवचनं ऐकणारं दुसरं माणूस म्हणजे एक गिऱ्हाईक. ती इथल्या दैनिकात दर शुक्रवारी 'घेण्याआधी' नावाचं सदर लिहायची. पंखे, साबण, चपला आणून स्वतः वापरायची आणि जे दिसलं ते छापायची. मी तिला बातमीदारबाई म्हणतो, ती मला भडकू म्हणते. कॉफी बिनसाखरेची घेते. लगेच भुवया उंचावू नकोस, एवढंच आहे.

एकदा मी नेहमीच्या तारेत म्हणालो, "मॉलच्या पाकिटात असते ती कॉफी नाही, भांडी विसळलेलं पाणी आहे ते. डोळे बांधा, तरी ओळखून दाखवतो."

"डोळे कशाला बांधायचे? कपाखाली चिठ्ठी चिकटवते. ये ऑफिसात."

"आणि ओळखलं तर?"

"तर आठवडाभर तुझी बडबड ऐकून घेईन."

"ती तर आत्ताही ऐकता."

"आत्ता पेपर वाचत असते मी."

इथे तुला धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. भाजलेल्या बिया लगेच वापरत नाहीत. चार-पाच दिवस पिशवीत पडू द्यायच्या, त्यांच्यातला वायू निघून जातो, मग चव बसते. ताज्या ताज्या उकळल्या तर कॉफी फुसफुसते आणि नुसती आंबट, पोकळ लागते. दुकानात आलो तेव्हा मालकांनी पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं. पण तिच्यासाठी न्यायची म्हणून मला कपाटातली जुनी पिशवी नको वाटली. मंगळवारी संध्याकाळी नव्या बिया स्वतः भाजल्या, आणि बुधवारी ती ताजी पिशवी काखेत मारून निघालो. नवरदेवासारखा, असं मालक म्हणाले. म्हणजे त्या दिवशीचा एक शब्द त्यांनी माझ्यावर खर्च केला.

चाखायला आम्ही तिघं होतो. मी, समोरची शिंपीणबाई आणि एक निवृत्त मास्तर. टेबलावर तीन कप. चमच्याने सुर्रकन ओढायचं, तोंडात घोळवायचं, थुंकायचं, दहापैकी गुण द्यायचे. पहिल्या कपाला मी दोन दिले आणि म्हणालो, ही मॉलची, शंकाच नाही. दुसरी कोपऱ्यावरच्या काचेच्या दुकानातली, पाच. तिसरी तोंडात फिरवली आणि छाती फुगली. भरदार, गोल, शेवटी किंचित गोडसर. नऊ दिले. वर म्हणालो, "ही आमची. एक गुण नजर लागू नये म्हणून कापलाय."

तिने कप उचलून खालच्या चिठ्ठ्या दाखवल्या. पहिली आमची होती. तिसरी मॉलची, एकावर एक मोफत.

मास्तर हसले. शिंपीणबाई तर खुर्चीतून पडायच्या बाकी होत्या. ती हसली नाही, वहीत लिहीत होती.

"हे छापणार नाही ना?" मी विचारलं.

"छापणार. नाव नाही घालत. 'दुकानात कॉफी भाजणारा एक तरुण' एवढंच."

"या गावात कॉफी भाजणारे कितीक तरुण आहेत?"

"एक," ती म्हणाली. "पण मी आकडे बदलत नाही रे."

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. माझं डोकं फिरलं की काय निघतं ते तुला ठाऊक आहे. शुक्रवारी छापून आलं. दुपारपर्यंत अकरा जणांनी काउंटरवर येऊन 'नऊ मार्कवाली' मागितली. बाराव्याच्या अंगावर मी फडकं फेकलं.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. शनिवारी चार वाजता मी तिच्या संपादकांकडे गेलो आणि सांगितलं की तिने कप लावताना गोंधळ केला, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, मी डोळ्यांनी बघितलं. संपादकांनी विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, "नक्की." आवाज जराही कापला नाही. सोमवारी चौथ्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती आली. त्याच दिवशी तिचं सदर बंद झालं. आता ती फोनवरून छोट्या जाहिराती उतरवून घेते. घर भाड्याने देणे आहे, मांजर हरवले आहे.

आमच्या दुकानात मात्र गर्दी. नऊ गुण आमचे झाले ना.

काल संध्याकाळी मालक बिया निवडताना म्हणाले, "ती पोरगी शनिवारी आली होती."

"कधी?"

"चारला. तू नव्हतास."

"काय म्हणाली?"

त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यातून एक कागद काढून दिला. पुढच्या शुक्रवारचा मजकूर, तिच्या हातचा. तिने पिशवीवरची तारीख बघितली होती, मालकांना विचारून घेतलं होतं, घरी आमच्या जुन्या बिया उकळून बघितल्या होत्या. लिहिलं होतं की गेल्या वेळी जो हरला त्याची जीभ खोटी नव्हती, कॉफी एका दिवसाची होती. चांगली कॉफी शिळी करूनच प्यावी, हे त्याच्याकडूनच शिका. वर पेन्सिलीने, 'भडकूला वाचायला द्या, चूक असेल तर सांगेल.'

म्हणजे मी तिकडे तिचं नाव खराब करत होतो, तेव्हा ती इकडे माझं निस्तरत होती. मालकांनी कागद इतके दिवस का दिला नाही ते मी विचारलं नाही. बहुधा मी काही तरी बोलेन याची वाट बघत होते.

ताई, मला ती आवडते. हे वाक्य मी पहिल्या ओळीपासून चुकवतोय. आणि आणखी एक. कॉलेज सोडलं तेव्हा मी घरी सांगितलं होतं की सरांनी प्रयोगाचे आकडे खोटे आहेत असा नाहक आळ घेतला. तू रजा टाकून सरांशी भांडायला गेलीस. बाबांनी सरांचं खरं मानलं म्हणून त्यांच्याशी महिनाभर बोलली नाहीस. ते आकडे मी रात्रीत बसून रचले होते. सर बरोबर होते. मला ते ओरडले तेवढंच खरं.

आज सकाळी मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग इथे काय करतोयस?"

"आणि माझं काम?"

"आधी जाऊन ये."

शुक्रवारचं पान पाचला लागतं. आता तीन वाजून दहा झालेत. आधी संपादकांना सांगणार, मग तिच्या टेबलापाशी जाऊन तिच्यासमोर तेच पुन्हा. ती बोलेल असं वाटत नाही. बोलावं म्हणून जात नाहीये असं लिहिणार होतो, पण तेही खोटं झालं असतं. शर्ट बदलत नाही, बदलायला थांबलो तर उद्या जाऊ असं वाटेल. तू रागाव, फक्त उत्तर पाठव, चार शिव्या असल्या तरी चालेल. पत्र पाकिटात घालतो, वाटेत पेटीत टाकीन. खोलीचं दार चौकटीत अडतं, जोर लावावा लागतो. बाहेर पडून ओढून घेईन.

ज्याच्यासाठी तू उगाच भांडलीस, तो
तुझा धाकटा