आईच्या उशीखालचं पिस्तूल

१९ नोव्हेंबर

दादा,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. खाडाखोड चालवून घे. फोनवर मी ओरडले असते आणि तू ठेवून दिला असतास, म्हणून पत्रच लिहितेय.

तुझं पत्र मिळालं. वहिनीचा गुडघा बरा आहे, नव्या घराला रंग लागला, वाचून बरं वाटलं. इकडे आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, थेंब चालू आहेत. मीही बरी आहे. किती बरी, ते पुढे येईल.

तू लिहितोस, "तू नेमबाजी शिकवतेस, तुला त्यातलं कळतं. आईला दिलेल्या पिस्तुलाचे गुणदोष स्पष्ट कळव. बरं नसेल तर बदलून दुसरं आणतो." जसा काही मिक्सर आणलायस!

बरं, गुण आधी. लहान आहे. पर्समध्ये मावतं, उशीखाली मावतं, डोक्याला टोचत नाही. हलकं आहे. सुरक्षिततेचा वेगळा खटका नाही, म्हणजे आईला काही लक्षात ठेवायला नको. चाप जड आहे, चुकून दाबला जाणार नाही. दुकानदाराने तुला हेच ऐकवलं असणार आणि तू मान डोलावली असणार.

आता दोष. मूठ इतकी आखूड की करंगळीला जागाच नाही. हलकं, म्हणून झटका जोरात बसतो. वरची स्लाइड मागे ओढायला एवढी घट्ट की माझ्याकडे शिकायला येणारे धडधाकट लोकही तोंडं वाकडी करतील. आणि आईच्या बोटांनी तर बरणीचं झाकणसुद्धा निघत नाही, हे तुला माहीत आहे. मग तू काय केलंस? स्वतः स्लाइड ओढलीस, गोळी नळीत चढवलीस आणि तसंच भरलेलं पिस्तूल तिच्या उशीखाली सरकवलंस. "आता फक्त चाप ओढायचा, आई." आणि लगेच विमान पकडलंस. मला एका शब्दाने विचारलं नाहीस. आता विचारतोयस!

शेजारी चोरी झाली तेव्हा आई घाबरली होती, खरं आहे. पण तिने तुझ्याकडे पिस्तूल मागितलं नव्हतं. ती म्हणाली होती, "महिनाभर राहतोस का रे?" मी स्वयंपाकघरात होते, मी ऐकलंय. तू राहण्याऐवजी हे आणलंस. परवाना तिच्या नावाचा, हौस तुझी.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण तुझ्या लाडक्या वस्तूला हात लावला की आई रडायची, म्हणून मी ते तसंच राहू दिलं.

पुढचं तुला कळवायचं नाही, असं आईने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. मी शब्द मोडतेय.

गेल्या मंगळवारी दुपारी मी थेंब घालायला गेले. झोपताना ती कानातलं यंत्र काढून ठेवते, बेल तिला ऐकू जात नाही, म्हणून मी माझ्या किल्लीने आत जाते. पडदे ओढलेले होते. तिच्या एका डोळ्यावर पट्टी. दारात तिला कुणीतरी उभं दिसलं. "आई, मी आहे, मी!" हे मी केवढ्यांदा ओरडले, ते शेजाऱ्यांनी ऐकलं. तिला कसं ऐकू जाणार?

चाप जड, म्हणून तिने दोन्ही हातांची बोटं लावून ओढला. त्यात नळी बाजूला गेली. गोळी माझ्या खांद्याजवळून कपाटाचं दार फोडून चादरींच्या घडीत शिरली.

आणि दादा, तिने पुन्हा चाप ओढला. मनगट ढिलं असलं की असल्या छोट्या पिस्तुलात रिकामं काडतूस बाहेर पडताना अडकतं. पहिल्या गोळीचं तसंच अडकलं, म्हणून दुसरी सुटली नाही. मी तिचे हात धरले, तेव्हा हातांवरून तिने मला ओळखलं. त्यानंतर ती जे ओरडली, ते मला लिहिता येत नाही.

तेव्हापासून ती त्यातली एक चादर शिवत बसते. घडीतून गोळी गेल्यामुळे एकाच चादरीला आठ भोकं पडलीत. डोळ्याला ताण नको म्हटलं तरी ऐकत नाही. वर मलाच सांगते, "दादाला कळवू नकोस हं. त्याने एवढ्या हौसेने आणलंय."

पिस्तूल मी पोलिसांत जमा केलंय. दुसरं आणू नकोस. तू ये, आणि परतीचं तिकीट काढून येऊ नकोस. आता त्या दारात कुणी उभं राहिलं की आई थरथरते. मी आधी खिडकीतून तोंड दाखवते, मग आत जाते. तूही तसंच कर.

तुझ्या पिस्तुलाच्या दोषांमुळे उरलेली,
तुझी धाकटी बहीण